माल कमी की जहाजं जास्त?

मागच्या अंकात बोलता बोलता मी लिहून गेले, की २००८ ची मंदी पेपरात छापून यायच्या आधीच मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात येऊन बसली होती. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली, की हा अंक त्यांनाच देऊन टाकते. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते : मी जहाज-दलालाच्या ऑफिसात एकतीस वर्षं काढली, टेलेक्सपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत. माल असलेल्याला जहाज आणि जहाज असलेल्याला माल गाठून द्यायचा, हे आमचं काम. लग्न जुळवण्यासारखंच. फक्त इथे मुहूर्त टळला की दिवसाला हजारो डॉलर डेमरेज, म्हणजे जहाज खोळंबल्याचा दंड, लागतं.

प्रश्न : मी सांगलीत हळदीच्या पेढीवर हिशेब लिहितो आणि जमेल तसे थोडे शेअर घेतो. एका चॅनेलवर सांगत होते, की बाल्टिक ड्राय इंडेक्स सलग तीन आठवडे घसरला आहे, म्हणजे जगात मंदी येणार. मॅडम, हा इंडेक्स नक्की काय आहे? आणि त्याच्याकडे पाहून मी शेअर विकावेत का?

तेवढ्या एका वाक्यावर तरी विकू नका. पण इंडेक्सला हसूही नका.

नाव बाल्टिक असलं तरी त्या समुद्राशी आता त्याचा संबंध उरलेला नाही. लंडनमध्ये ‘व्हर्जिनिया अँड बाल्टिक’ नावाचं एक कॉफी हाउस होतं. तिथे १७४४ पासून व्यापारी आणि जहाजांचे कप्तान बसून सौदे करत. त्याचंच पुढे बाल्टिक एक्स्चेंज झालं. कोळसा, लोहखनिज, धान्य असा सुटा, पोत्यात किंवा पेटीत न भरलेला माल नेणाऱ्या जहाजांना आज काय भाडं मिळतंय, हे ठरावीक दलाल रोज या एक्स्चेंजला कळवतात. त्यातून एक आकडा काढतात. १९८५ च्या जानेवारीत १,००० धरून सुरुवात केली होती. सगळ्यात मोठ्या केपसाइझ जहाजांना त्यात चाळीस टक्के वजन, त्याखालच्या पॅनामॅक्स आणि सुप्रामॅक्सना तीस-तीस. तेलाची जहाजं यात नाहीत, कंटेनरची नाहीत. चॅनेलवाले हे सांगत नाहीत.

आता या आकड्याचं महत्त्व का, ते तुमच्याच धंद्यातून सांगते. हरिपूरच्या पेवात, जमिनीतल्या त्या कोठारात, हळद ठेवून भावाची वाट पाहता यायची. जहाजाचा आजचा दिवस कुठल्याही पेवात मावत नाही. आज ते रिकामं उभं राहिलं तर आजचं भाडं बुडालं ते बुडालं, खलाशांचा पगार आणि विमा मात्र चालूच. म्हणून मालक हटून बसत नाही, मिळेल त्या भावाला जहाज देतो. आणि समोरचा माणूस जहाज घेतो तो खरोखर माल न्यायचा असतो म्हणून. भाड्यावर कागदी सट्टाही चालतो, नाही असं नाही, पण लाखभर टन कोळसा हौसेनं कोणी हलवत नाही. त्यात हा सगळा कच्चा माल. आज खनिज निघालं तर काही महिन्यांनी त्याचं पोलाद होणार आणि त्यानंतर कुठेतरी पूल, फ्रीज, मोटार. बाकीच्या जगाला कळायच्या आत आम्हाला कळायचं ते यामुळे. आमच्यात अक्कल जास्त होती असं नाही.

२० मे २००८ ला हा इंडेक्स ११,७९३ वर होता. ५ डिसेंबरला ६६३. केपसाइझ जहाजाला जूनच्या सुरुवातीला दिवसाला सव्वादोन लाख डॉलरच्या वर भाडं होतं, ते डिसेंबरात तेवीसशेच्या आसपास आलं. तेवढ्यात खलाशांचे पगार, विमा आणि वंगणसुद्धा भागत नाही. आमच्याकडे एक नवीन लागलेला मुलगा होता. तो स्क्रीनकडे बघून म्हणाला, “बाई, एक शून्य गळलंय वाटतं.” आम्ही हसलो. नंतर कळलं, दोन गळली होती.

घसरण उन्हाळ्यातच सुरू झाली होती, पण ती बाजारातली चढउतार वाटत होती. अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही बँक १५ सप्टेंबरला बुडाली आणि त्यानंतर जे झालं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. समुद्रावरचा व्यापार पैशावर चालतो असं लोकांना वाटतं. तो एलसीवर चालतो. म्हणजे, माल जहाजावर चढवल्याची कागदपत्रं दाखवा, पैसे आम्ही देऊ, असं खरेदीदाराच्या बँकेनं विकणाऱ्याला दिलेलं वचन. ऑक्टोबरात आमचं खनिजाचं एक जहाज असंच अडकलं. माल धक्क्यावर, जहाज नांगरावर, पाऊसही संपलेला. आणि आमच्या पक्षकाराच्या बँकेनं समोरच्या बँकेचं एलसी घ्यायला नकार दिला. मी स्वतः जाऊन मॅनेजरना विचारलं, कागदात चूक काय आहे? ते म्हणाले, “कागद उत्तम आहे हो. बँक महिनाभर उभी राहील का, ते सांगा.” त्या दिवशी संध्याकाळी मी डोंबिवली लोकलमध्ये बसले आणि पहिल्यांदा मला भीती वाटली. शेअर बाजार पडल्याची नव्हे. मालही आहे, जहाजही आहे, घेणाराही आहे, आणि तरी काहीच हलत नाही, याची.

बाल्टिक एक्स्चेंजचं ब्रीद आहे, दिलेला शब्द हाच आमचा करार. आमच्या धंद्यात कोट्यवधींचे सौदे फोनवर ठरत, सही मागून येई. त्या ऑक्टोबरात एक-एक लाख डॉलर रोजानं वर्षभरासाठी जहाज घेतलेली माणसं फोन उचलेनाशी झाली. उचलला तर ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’. पुढच्या वर्षी, २००९ मध्ये, जगाचा मालाचा व्यापार सुमारे १२ टक्क्यांनी आकसला. म्हणजे इंडेक्स खोटं बोलला नव्हता.

पण एवढ्यावर थांबले तर मीही त्या चॅनेलसारखीच ठरेन. १० फेब्रुवारी २०१६ ला हाच इंडेक्स २९० वर गेला. २००८ च्या तळाच्याही अर्ध्याखाली! त्या हिशेबानं जग दुप्पट बुडायला हवं होतं. बुडालं नाही. आपल्याकडे तर तेव्हा विकासदर सात-आठ टक्के सांगत होते.

कारण असं, की जहाज बांधायला दोन-तीन वर्षं लागतात. २००७-०८ मध्ये भाडं आभाळाला टेकलं होतं तेव्हा ज्यानं त्यानं जहाजं बांधायला सांगून ठेवली. ग्रीसच्या मालकांनी सांगितली, चीनच्या सरकारी कंपन्यांनी सांगितली, ज्यांनी आयुष्यात गोदी पाहिली नव्हती अशा फंडांनीही सांगितली. ती सगळी पाण्यात उतरली बाजार झोपल्यावर, आणि पुढेही स्वस्तात मिळतात म्हणून नवी सांगितली गेली. वर २०१५ मध्ये चीनचं पोलाद उत्पादन कित्येक वर्षांनी पहिल्यांदा घटलं. थोडा माल कमी, पण जहाजं भारंभार. उसाचं आणि कांद्याचं होतं तेच. भाव आला म्हणून सगळ्यांनी लावायचं आणि काढणीला सगळ्यांनी एकदम रडायचं.

म्हणून इंडेक्स पडला की मी एकच प्रश्न विचारते : माल कमी झाला की जहाजं जास्त झाली? पहिलं असेल तर काळजीचं. दुसरं असेल तर ती जहाजमालकांची डोकेदुखी, तुमच्या शेअरची नव्हे. दोन्ही एकदम होऊ शकतं, आणि बहुतेक वेळा थोडं थोडं दोन्ही असतं. तीन आठवड्यांच्या घसरणीवरून तर काहीच सांगता येत नाही. तीही जानेवारी-फेब्रुवारीत असेल तर बघायलाच नको. दरवर्षी तेव्हा चीनचं नववर्ष असतं, ब्राझीलमध्ये पाऊस असतो, ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावर वादळं असतात, आणि भाडं दरवर्षी पडतं. दरवर्षी कुणी ना कुणी त्यावर मंदीचा लेखही लिहितो.

चॅनेलवाल्यांना विचारता आलं तर विचारा, की त्याच वेळी खनिजाचा आणि तांब्याचा भावही पडलाय का, आणि बँका एलसी देताना कुरकुरतायत का. तिन्ही एकत्र दिसलं तर मला पत्र लिहा, मीही माझ्या मुदत ठेवी बघेन.

प्रश्न : माझे बाबा डिचोलीत खाणीवर टिपर चालवायचे. ते अजून म्हणतात, बीजिंगचं ऑलिंपिक संपलं आणि आमच्या गाड्या थांबल्या, मग खाणी कधी नीट उठल्याच नाहीत. हे कितपत खरं?

तुमच्या बाबांना सांगा, निम्मं बरोबर आहे. आणि ते निम्मं अर्थतज्ज्ञांपेक्षा बरं आहे.

गोव्याचं खनिज हलक्या प्रतीचं. चीनचे पोलाद कारखाने मिळेल ते घेत होते तोवर तेही हातोहात जात होतं. डिचोली-सांगेची लाल धूळ टिपरमधून धक्क्यावर, तिथून बार्जमध्ये, म्हणजे सपाट मालवाहू होडीत, मांडवी-जुवारीतून मुरगावला आणि तिथे मोठ्या जहाजात. मी दोनदा मुरगावला गेले. बाहेर नांगरावर उभी जहाजं आणि मुंग्यांसारखी ये-जा करणारी बार्जं बघून आमचे साहेब म्हणाले होते, “ही रांग लांब आहे तोवर आपला बोनस पक्का.”

२००८ च्या सुरुवातीला चीनच्या बंदरात भारतीय खनिज टनाला दोनशे डॉलरच्या आसपास होतं. ऑलिंपिक ऑगस्टमध्ये झालं, आणि त्यासाठी हवा स्वच्छ ठेवायची म्हणून बीजिंगच्या आसपासचे कारखाने थांबवले होते हेही खरं. पण स्पर्धा संपून ते सुरू व्हायला हवे होते, तेवढ्यात लेहमन झालं. बांधकामं थांबली, पोलादाचा उठाव गेला, कारखान्यांच्या आवारात खनिजाचे डोंगर पडून. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भाव तिसऱ्या हिश्श्यावर आला. आणि गोव्याचा हंगाम नेमका कधी सुरू होतो? पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात. तुमच्या बाबांनी गाडीची पूजा केली असेल, आणि त्याच आठवड्यात गिऱ्हाईक नाहीसं झालं असेल.

यात आणखी एक मेख होती, ती मला तेव्हा उशिरा कळली. भाडं महाग होतं हा गोव्याचा फायदा होता. ब्राझीलहून चीनला खनिज न्यायला महिना-दीड महिना लागतो, आणि २००८ च्या मध्यावर त्याचं भाडं टनाला शंभर डॉलरच्या पुढे होतं. गोवा त्या मानानं शेजारी. म्हणून ब्राझीलचं उत्तम खनिज सोडून गोव्याचं हलकं घेणं परवडायचं. डिसेंबरात तेच ब्राझीलचं भाडं दहा डॉलरच्या आत आलं. मग लांबचं चांगलं सोडून जवळचं हलकं कोण घेणार? जहाजं स्वस्त झाली आणि गोव्याचं शेजारपण एका हंगामात फुकट गेलं. आम्ही सगळे खनिजाच्या भावाकडे बघत बसलो होतो, आणि अर्धा घाव भाड्यानं घातला होता.

पण ‘कधी उठल्याच नाहीत’ हे चुकीचं. नोव्हेंबर २००८ मध्ये चीननं चार ट्रिलियन युआनची योजना जाहीर केली, रस्ते-रेल्वे सुरू झाले, आणि जून २००९ मध्ये बाल्टिक इंडेक्स पुन्हा ४,००० च्या वर होता. गाड्या पुन्हा धावल्या. इतक्या धावल्या, की रस्त्यावरून चालता येत नव्हतं, हेही बाबांना आठवत असेल. त्यानंतर खाणी बंद पडल्या त्या सप्टेंबर-ऑक्टोबर २०१२ मध्ये. ते बंद बेकायदा उत्खननाच्या चौकशीमुळे, आधी राज्य सरकारच्या आणि मग सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं. पुढे २०१८ च्या फेब्रुवारीत न्यायालयानं ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केलं. त्यात जहाजाचा, चीनचा, ऑलिंपिकचा काही दोष नाही. ती दोन वेगळी दुखणी आहेत. टिपरच्या हप्त्याला मात्र दोन्ही सारखीच लागली, म्हणून आठवणीत ती एक झाली असतील.

प्रश्न : दिंडोरीहून आम्ही द्राक्षं युरोपला पाठवतो. २०२१ मध्ये कंटेनरसाठी दारोदार फिरलो, सांगतील ते भाडं दिलं. भाडं उतरतं तेव्हा तुम्ही लोक मंदी-मंदी करता. आम्हाला तर तोच सुकाळ. आम्ही आनंद मानायचा नाही का?

माना की, भाऊ! तेवढा तुमचा हक्क आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये मोठ्या मार्गांवर चाळीस फुटी कंटेनरचं सरासरी भाडं दहा हजार डॉलरच्या वर होतं, २०२३ च्या सुरुवातीला ते दोन हजारांच्या आसपास आलं. त्यातली बरीच घसरण म्हणजे ताप उतरणं होतं. कोविडमध्ये अमेरिकेतल्या लोकांनी घरात बसून वस्तू मागवल्या, बंदरं तुंबली, पेट्या अडकल्या. मग २०२२ मध्ये तिथल्या दुकानांची गोदामं भरली, मागवणं थांबलं, तुंबलेली जहाजं मोकळी झाली. मागणी थोडी घटली आणि जहाजं अचानक मुबलक झाली.

पण फार स्वस्त भाड्याचंही एक भय असतं, ते २०१६ मध्ये जगानं पाहिलं. कोरियाची हांजिन ही जगातली सातवी मोठी कंटेनर कंपनी. भाडं इतकं पडलं, की ती कर्जाखाली बुडाली आणि ३१ ऑगस्टला कोर्टात गेली. त्या क्षणी तिची जहाजं भर समुद्रात होती. बंदरं आत घेईनात, कारण धक्क्याचे पैसे कोण देणार? आत गेलं तर ज्यांचे पैसे थकलेत ते जहाज जप्त करतील, ही कप्तानाला भीती. सुमारे चौदा अब्ज डॉलरचा माल पाण्यावर तरंगत राहिला. तो ख्रिसमसच्या आधीचा हंगाम होता, बहुतेक माल टीव्ही आणि कपडे. द्राक्षं असती तर?

तेव्हा तुम्ही भाड्याच्या आकड्यापेक्षा तुमचा फॉरवर्डर, म्हणजे माल पाठवून देणारा एजंट, जहाजाचं काय सांगतो ते ऐका. मागणी खरंच कमी होते तेव्हा कंपन्या भाडं पाडत बसत नाहीत, आधी फेऱ्या गाळतात. ‘या आठवड्याचं जहाज ब्लँक आहे’ असं न्हावाशेव्याहून दोनदा-तीनदा ऐकलंत, की समजा पलीकडे उठाव नाही. युरोपातल्या सुपरमार्केटची ऑर्डर कमी व्हायच्या आधी हे कळतं. आणि उलटही लक्षात ठेवा : २०२३ च्या अखेरीला तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, बहुतेक जण आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागले, दहा-बारा दिवस वाढले, भाडं भडकलं. त्यात जगाची मागणी वाढल्याचा काही संबंध नव्हता. भाडं वाढलं म्हणजे बरे दिवस आले, असंही नसतं.

प्रश्न : ताई, माझा मुलगा बारावीला आहे आणि मर्चंट नेव्हीत जायचं म्हणतो. आमच्या गुहागरकडचे पुष्कळ जण जहाजावर आहेत. पण मंदी आली की जहाजं बंद करून ठेवतात असं ऐकलं. मग त्यावरच्या मुलांचं काय होतं?

ठेवतात. २००९ मध्ये सिंगापूरच्या आसपास शेकडो जहाजं रिकामी नांगरून पडली होती. वीस-बावीस जणांच्या जागी मोजकी माणसं ठेवतात, इंजिन गंजू नये एवढं बघायला. जुनी जहाजं गुजरातेत अलंगला जातात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ती पूर्ण वेगानं किनाऱ्यावर चढवतात आणि मग कापतात. ज्यांच्याकडे अनुभव आहे त्यांना पुढचं कंत्राट मिळायला वेळ लागतो. खरी पंचाईत होते नुकतं शिकून आलेल्या कॅडेटची, कारण सगळ्यात आधी त्यांना घेणं थांबतं. आमच्या शेजारचा मुलगा २००९ मध्ये कोर्स संपवून चौदा महिने घरी होता. आज तो चीफ ऑफिसर आहे, पण ते चौदा महिने त्याच्या आईनं कसे काढले ते मी पाहिलंय.

तुमचा मुलगा बारावीत आहे, म्हणजे जहाजावर चढायला अजून काही वर्षं आहेत. तेव्हा बाजार कसा असेल ते मला सांगता येणार नाही, आणि कोणी सांगत असेल तर तो तुम्हाला कोर्स विकतोय. मंदीत एक धोका मात्र नक्की वाढतो. मालकाचे पैसे संपले की तो जहाज खलाशांसकट कुठल्यातरी बंदरात सोडून देतो. पगार नाही, रेशन संपत आलेलं, आणि उतरायची परवानगीही नाही. २०१७ च्या जानेवारीपासून आंतरराष्ट्रीय नियमानुसार अशा वेळी घरी आणण्याचा खर्च आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार विम्यातून मिळायला हवा, आणि त्या विम्याचं प्रमाणपत्र जहाजावर लावलेलं असावं लागतं. मुलगा पहिल्यांदा चढेल तेव्हा त्याला म्हणावं, त्या प्रमाणपत्राचा फोटो काढून आईला पाठव.

आणि आत्ता एवढं करा. नोकरी लावून देतो म्हणणारा कोणीही भेटला, गावातला असला, नात्यातला असला, तरी त्याच्याकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीच्या सरकारी परवान्याचा, नंबर मागा. तो डीजी शिपिंग या सरकारी जहाजवाहतूक खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घ्यायला कायद्यानं बंदी आहे. पैसे मागितले की तिथूनच उठून या, चहासुद्धा घेऊ नका.